८७ टक्के कशाचे? इलेक्ट्रिक गाडी, दोन पेपर आणि माझी एक चूक

दादाने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मला फोन करून एकच प्रश्न विचारला. "तू एवढं वाचत असतेस, तर सांग ना गं, इलेक्ट्रिक घेऊ का?" माझा विषय बॅटरी नाही. मी हवेतल्या धूलिकणांच्या नोंदींवर पीएच.डी. करते. पण घरात संशोधन करणारं एकच माणूस असलं की त्याला फ्रीजपासून म्युच्युअल फंडापर्यंत सगळं विचारतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. मी त्या रात्री थोडं शोधलं, एका चांगल्या जर्नलमधला पेपर सापडला, त्याचा ॲब्स्ट्रॅक्ट वाचला आणि सकाळी दादाला सांगितलं, "८७ टक्के काम होतं. बिनधास्त घे."

दादाने घेतली. नऊ महिने सगळं छान चाललं. मग गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुण्याहून गुहागरला गावी जाताना, कराडच्या अलीकडे एका चार्जिंग स्टेशनवर तो, वहिनी, दोन मुलं आणि गुडघेदुखीने बेजार आई असे सगळे पावणेचार तास अडकले. दोन गनपैकी एक बंद, पुढे पाच गाड्या. घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर फोनवर तो एवढंच म्हणाला, "तुझ्या त्या ८७ टक्क्यांत मी बसलो नाही वाटतं."

ते वाक्य मला लागलं. मग मी तो पेपर उघडून पहिल्यांदा पूर्ण वाचला. आजची पोस्ट त्या पेपरची समीक्षा आहे, आणि त्याहून जास्त मी तो कसा वाचला याची.

पेपर काय म्हणतो

नीडेल, मॅकनर्नी, चँग आणि ट्रान्सिक या एमआयटीच्या गटाचा हा पेपर २०१६ साली 'नेचर एनर्जी'मध्ये आला. त्यांचा प्रश्न असा होता: अमेरिकेतले लोक आज जसे गाडी चालवतात तसेच चालवत राहिले आणि गाडी दिवसातून एकदाच, रात्री चार्ज केली, तर स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी किती पुरेल? उदाहरण म्हणून त्यांनी २०१३ ची निसान लीफ घेतली. तिची बॅटरी २४ युनिटची, म्हणजे २४ किलोवॅट-तासांची. (विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. पुढे मी 'युनिट'च म्हणणार आहे.) अमेरिकेतल्या अधिकृत चाचणीत तिची रेंज ७५ मैल, म्हणजे साधारण १२० किलोमीटर होती.

काम खरंच देखणं आहे. राष्ट्रीय प्रवास सर्वेक्षणातल्या फेऱ्या, जीपीएसवरून मिळालेला सेकंदासेकंदाचा वेग आणि वेगवेगळ्या शहरांतलं तापमान हे तिन्ही जोडून त्यांनी प्रत्येक दिवसाला किती ऊर्जा लागेल ते काढलं. फक्त किलोमीटर मोजले असते तर एसी, हीटर, सिग्नल, हायवे हे सगळं सुटलं असतं. निष्कर्ष असा की ८७ टक्के 'वाहन-दिवस' या गाडीने भागतात.

आता तो शब्द परत वाचा. वाहन-दिवस. एक गाडी एक दिवस चालली की तो एक वाहन-दिवस. पेपरने ८७ टक्के वाहनं म्हटलेलं नाही, ८७ टक्के मालक तर नाहीच नाही. पण हा आकडा बातम्यांत उतरता उतरता 'दहापैकी नऊ गाड्या' असा झाला आणि माझ्या तोंडून दादाकडे जाताना 'तुझं ८७ टक्के काम होईल' असा झाला. आकडा तोच राहिला, त्याखालचा भाजक बदलला.

भाजक बदलला की काय होतं

समजा १०० गाड्या आहेत आणि एकूण वाहन-दिवसांपैकी १३ टक्के दिवस लांबच्या प्रवासाचे आहेत. हे दोन टोकाच्या प्रकारांनी होऊ शकतं.

पहिला प्रकार: १३ गाड्या रोजच लांब जातात, उरलेल्या ८७ कधीच जात नाहीत. मग ८७ मालक वर्षभर निवांत.

दुसरा प्रकार: प्रत्येक गाडी वर्षातले ४७ दिवस लांब जाते. मग एकही मालक पूर्ण निवांत नाही.

दोन्हीकडे वाहन-दिवसांची टक्केवारी ८७ च. खरं जग या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. कुठे, ते शोधायला तीच गाडी अनेक दिवस पाहावी लागते. आणि राष्ट्रीय प्रवास सर्वेक्षणात प्रत्येक घराला एकच दिवस नेमून दिलेला असतो. त्या दिवशीच्या फेऱ्या लिहून घेतात, संपलं. कालची आणि उद्याची माहिती नाही. म्हणजे या डेटातून वाहन-दिवसांबद्दल खात्रीने बोलता येतं, पण एका मालकाच्या वर्षाबद्दल थेट काहीच बोलता येत नाही. संशोधकांनी त्यांच्या डेटाला झेपेल तेवढाच दावा केला. न झेपणारा दावा मी केला.

एक छोटं गणित करून बघा. समजा कुठल्याही दिवशी लांब जाण्याची शक्यता फक्त एक टक्का आहे आणि दिवस एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. मग ९९ टक्के दिवस भागले. पण वर्षभरात एकदाही अडचण न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा ३६५ वा घात. उत्तर येतं साधारण ०.०२५. शंभरात दोन-तीन गाड्या. '९९ टक्के दिवस पुरते' आणि '९७ टक्के लोकांना कधी ना कधी अडते' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

दुसरा पेपर, उलटा आकडा

हे काल्पनिक वाटत असेल तर २०११ सालचा पिअर आणि सहकाऱ्यांचा पेपर बघा ('ट्रान्स्पोर्टेशन रिसर्च पार्ट सी'). त्यांनी अटलांटा परिसरातल्या ४८४ पेट्रोल गाड्यांवर बसवलेल्या यंत्रांच्या वर्षभराच्या नोंदी वापरल्या. म्हणजे तीच गाडी, पूर्ण वर्ष. त्यात १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर रेंज धरली तर वर्षात एकदाही तेवढ्याच्या वर न गेलेल्या गाड्या किती? फक्त ९ टक्के.

लीफपेक्षा जास्त रेंज धरूनसुद्धा ९ टक्के! ८७ आणि ९. दोन्ही पेपर बरोबर आहेत. एकाचा भाजक दिवस आहे, दुसऱ्याचा गाडी.

मला या पेपरमधली पुढची पायरी जास्त आवडली. त्यांनी विचारलं, मालक थोडं जुळवून घ्यायला तयार असला तर? वर्षातले २ दिवस दुसरी काही सोय केली (गाडी भाड्याने घेतली, वाटेत चार्ज केली, प्रवास पुढे ढकलला) तर ९ चे १७ टक्के होतात. ६ दिवस तयारी असेल तर ३२ टक्के. गाडी पुरते की नाही, या हो-नाहीच्या प्रश्नाचा त्यांनी 'वर्षातले किती दिवस जुळवून घ्याल?' असा मोजता येणारा प्रश्न केला. दादाने मला विचारलं तेव्हा मी त्याला हाच उलटा प्रश्न विचारायला हवा होता.

पण याही पेपरला मर्यादा आहेत. ४८४ गाड्या, एकच महानगर, तेही अमेरिकेतलं. पहिल्या पेपरला पसारा आहे पण खोली नाही, दुसऱ्याला खोली आहे पण पसारा नाही. एक आडवा छेद, एक उभा छेद. तुमचा विषय कुठलाही असो, डेटा यातला कुठला आहे हे पहिल्या दिवशी ओळखा. माझ्या धूलिकणांतही हेच आहे. वर्षाची सरासरी मर्यादेत असली तरी दम्याच्या रुग्णाला त्रास देणारे दिवस वेगळे मोजावे लागतात.

रेंज हा एक आकडा नाहीच

इथपर्यंत मी '१६० किलोमीटर रेंज' अशी स्थिर वस्तू असल्यासारखं लिहिलं. पहिल्या पेपरचं मोठेपण इथे कळतं, कारण त्यांनी किलोमीटर न मोजता ऊर्जा मोजली. त्याने काय फरक पडतो ते आपल्या रस्त्यांवर बघू.

माणसांसकट १७०० किलोची गाडी धरा. टायरचं घर्षण जवळपास स्थिर, साधारण १६७ न्यूटन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हवेची घनता १.१५, विरोध-गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर आणि बॅटरीपासून चाकापर्यंतची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर एका युनिटमध्ये सपाट रस्त्यावर जाता येणारं अंतर असं येतं:

ताशी ६० ला: १०.४ किमी
ताशी ८० ला: ७.८ किमी
ताशी १०० ला: ५.९ किमी
ताशी १२० ला: ४.५ किमी

वापरण्याजोगी ४० युनिट असतील तर हीच गाडी ६० च्या वेगाने ४१५ किमी जाईल आणि १२० च्या वेगाने १८०. हे माझं ढोबळ गणित आहे, एसी आणि ट्रॅफिक न धरता. आकडे घेऊन तुम्ही स्वतः करून बघा, अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचं काही नाही.

आता जाहिरातीतली रेंज कुठून येते? आपल्याकडची चाचणी 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' नावाच्या ठरावीक वेगपटावर होते. त्यातला सगळ्यात जास्त वेग ताशी ९० आहे आणि बराचसा भाग शहरी. २०२० साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती आणि प्रमाणित रेंज ३१२ किमी. भागाकार केला तर एका युनिटला १०.३ किमी. माझ्या तक्त्यात हा आकडा ताशी ६० च्या ओळीजवळ बसतो. उलट समृद्धी महामार्गावर लहान गाड्यांना ताशी १२० ची परवानगी आहे. प्रमाणपत्र खोटं नाही, ते वेगळ्या रस्त्याचं उत्तर आहे. टाटा मोटर्सने २०२४ पासून 'सी-७५' नावाचा आकडाही द्यायला सुरुवात केली, म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज. तो प्रमाणित रेंजपेक्षा बराच कमी असतो. पाऊल चांगलं आहे, पण भाजक बघितलात का? ७५ टक्के ग्राहक. ग्राहकाच्या रोजच्या वापरात शहर खूप आणि हायवे थोडा. गावी जायच्या दिवसाचं उत्तर त्यातही नाही.

लोक घाटाला घाबरतात, तेही तपासू. कुंभार्ली घाट चढताना ६०० मीटर उंची धरली तर १७०० किलो उचलायला २.८ युनिट लागतात. वाया जाणारं धरून सव्वातीन. उतरताना त्यातलं काही बॅटरीत परत येतं. उलट सपाट हायवेवर १०० किलोमीटर ८० ऐवजी १२० ने गेलात तर नऊ युनिट जास्त जातात. घाटाच्या जवळपास तिप्पट! ट्रॅफिकमध्ये अडकून एसी चालू राहिला तर तासाला साधारण एक युनिट. म्हणजे भीती घाटाची वाटते, पण बॅटरी खातो तो उजवा पाय.

दोन्ही पेपरमध्ये नसलेली गोष्ट

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. दोन्ही पेपर प्रत्येक गाडीकडे एकटी म्हणून बघतात. या गाडीचा लांबचा दिवस आणि त्या गाडीचा लांबचा दिवस यांचा संबंध काय, हा प्रश्न तिथे येतच नाही. रात्री घरीच चार्ज करायचं असेल तर तो यायची गरजही नाही. पण 'लांबच्या दिवशी वाटेत चार्ज करा' म्हटलं की तो लगेच येतो, कारण आपले लांबचे दिवस एकत्रच येतात. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी. अख्खं पुणे आणि मुंबई एकाच दोन दिवसांत कोकणात आणि घाटावर निघते.

रांगेचं सगळ्यात साधं गणित घ्या. एकच गन, गाड्या कधीही येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त. गन निम्मा वेळ वापरात असेल तर सरासरी वाट एका चार्जिंगएवढी बघावी लागते. ८० टक्के वापरात असेल तर चार चार्जिंगएवढी, ९० टक्के असेल तर नऊ. एका चार्जिंगला ४५ मिनिटं धरा आणि गुणाकार करा. वापर ५० वरून ९० वर गेला, म्हणजे दुप्पटही नाही, पण वाट पाऊण तासावरून पावणेसात तासांवर. वर्षातले साडेतीनशे दिवस रिकामं दिसणारं स्टेशन सणाच्या आदल्या दिवशी कोलमडतं ते असं. दादाच्या पुढच्या पाच गाड्या हे दुर्दैव नव्हतं. ते गृहीतकात न धरलेलं सहसंबंधाचं पद होतं.

दुसरं न दिसणारं गृहीतक म्हणजे 'रात्री घरी चार्जिंग'. हे वाक्य पेपरमध्ये एका ओळीत येतं. पुण्यात त्या ओळीसाठी दादाला सोसायटीच्या दोन सर्वसाधारण सभा लागल्या. स्वतःचं पार्किंग, तिथपर्यंत वेगळी वायर, वेगळं मीटर, कमिटीची परवानगी. रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला तर ८७ आणि ९ हे दोन्ही आकडे लागू होत नाहीत. तिसरं, 'त्या दिवशी दुसरी सोय' म्हणजे अमेरिकेत बऱ्याचदा घरातली दुसरी गाडी. आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी असलीच तर एक.

मग घ्यावी का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून दादाचेच आकडे देते. सिंहगड रोड ते हिंजवडी जाऊन-येऊन ४५ किमी. शहरात एका युनिटला आठ किमी धरले तर साडेपाच युनिट, चार्जिंगमधली गळती धरून सहा. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ताशी सव्वातीन युनिट जातात, म्हणजे दोन तासांच्या आत काम झालं. युनिटला १० रुपये धरले तर ६० रुपये. पेट्रोल गाडी शहरात १५ चं मायलेज देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ३१५. कामाच्या २५० दिवसांत ६० हजारांच्या वर फरक पडतो. रोजच्या प्रवासाला ही गाडी नुसती चालते असं नाही, ती पेट्रोल गाडीहून सोयीची आहे. रोज सकाळी टाकी भरलेली असते.

लांबच्या प्रवासालाही ती चालते, पण गर्दी नसलेल्या दिवशी. त्याच कराडला दादा फेब्रुवारीत चाळीस मिनिटांत चार्ज करून निघाला होता. म्हणजे मूळ प्रश्न 'शहर की लांबचा प्रवास' एवढाच नाही. तुमचे लांबचे दिवस वर्षात किती, ते बाकीच्यांच्या दिवसांवर येतात का, आणि त्या दिवशी वेळेची किती ओढ असते, हे तीन प्रश्न आहेत. उत्तरं तुमच्या मागच्या वर्षभराच्या फास्टॅगच्या नोंदींत आणि पेट्रोलच्या बिलांत आहेत. कुठल्याही पेपरमध्ये नाहीत.

तुलनेसाठी एसटीची 'शिवाई' आठवा. १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर महामंडळाची ही पहिली इलेक्ट्रिक बस धावली. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, ठरलेला डेपो. अंतर खासगी गाडीच्या रोजच्या फेरीपेक्षा कितीतरी जास्त, तरी नियोजन सोपं, कारण तिथे अनिश्चितता कमी आहे. अडचण सरासरी अंतराने येत नाही, वितरणाच्या शेपटीने येते.

संशोधनाची तयारी करताय म्हणून

पेटच्या मुलाखतीत किंवा पहिल्या सेमिनारला 'या पेपरचं क्रिटिकल ॲनालिसिस करा' म्हटलं की आपण सॅम्पल साइज लहान आहे वगैरे ठरलेली वाक्यं बोलतो. मीही बोलले आहे. त्याऐवजी चार प्रश्न कागदावर लिहा. टक्केवारीखाली भाजक कोणता? एकच व्यक्ती किंवा वस्तू अनेकदा मोजली की अनेक वस्तू एकेकदा? कोणते घटक स्वतंत्र धरलेत, आणि ते खरंच तसे आहेत का? कोणतं गृहीतक एका ओळीत उरकलंय, पण आपल्या गावात त्याला दोन सभा लागतात?

आणि ॲब्स्ट्रॅक्ट वाचून कुणाला सल्ला देऊ नका. नीडेल आणि सहकाऱ्यांनी त्याच ॲब्स्ट्रॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की सर्वांत जास्त ऊर्जा लागणाऱ्या दिवसांसाठी, बॅटऱ्या सुधारल्या आणि चार्जिंगची सोय वाढली तरी, दुसऱ्या प्रकारच्या वाहनांची गरज पडण्याची शक्यता आहे. म्हणजे मी ॲब्स्ट्रॅक्टसुद्धा अर्धाच वाचला होता.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, गाडी विकणार नाही, पण यंदा आईला आठ दिवस आधी रेल्वेने चिपळूणला सोडून येईन आणि आम्ही चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे चारला निघू. वर्षातला एक दिवस जुळवून घ्यायची त्याची तयारी आहे. पिअरच्या तक्त्यात तो कुठे बसतो ते मी आता त्याला सांगू शकते. त्याने विचारलं तरच.